‘मला जमेल काय?’ : एका शंकेचा इतिहास

लढायांना, तहांना आणि राज्यारोहणांना तारखा असतात हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते, कारण त्या तारखा आम्ही शिक्षक त्यांच्याकडून घोकून घेतो. परंतु माणसांच्या मनातील समजुतींनाही तारखा असतात, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. एखादी समजूत हळूहळू इतकी अंगवळणी पडते की ती कोणी तरी, कधी तरी, काही कारणाने रुजविली असेल असा संशयही कोणाला येत नाही. ‘धावणे हे बायकांचे काम नव्हे, आणि लांब पल्ल्याचे तर नव्हेच’ ही अशीच एक समजूत आहे.

चाळिशी ओलांडलेली एखादी बाई पहाटे मैदानाच्या कडेला उभी राहते आणि ‘मला जमेल काय?’ असे स्वतःला विचारते, तेव्हा तिला वाटते की ही शंका आपल्या गुडघ्यांतून, वजनातून किंवा वयातून उपजली आहे. थोडी तशी असेलही. परंतु तिचा मोठा भाग बाहेरून आलेला आहे, आणि तो कोठून आला हे कागदपत्रांवरून दाखविता येते. गेली अनेक वर्षे मी हायस्कुलात इतिहास शिकवितो. ‘पुरावा काय?’ हा प्रश्न मी मुलांना सतत विचारतो. तोच प्रश्न या समजुतीला विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आपल्या भागात तर ही समजूत अधिकच चमत्कारिक वाटते. डोईवर घागर आणि कमरेवर कळशी घेऊन चढ चढणाऱ्या बाईला, भर पावसात दिवसभर वाकून रोप लावणाऱ्या बाईला, ‘तुला हे झेपेल काय?’ असे आजवर कोणी विचारले नाही. तीच बाई काही कामाशिवाय, केवळ स्वतःसाठी, अर्धा मैल धावायला निघाली की मात्र साऱ्या गावाला तिच्या प्रकृतीची काळजी वाटू लागते.

हेरादेवीच्या शर्यती

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिम्पियाच्या क्रीडामहोत्सवात स्त्रियांना भाग घेता येत नसे, आणि विवाहित स्त्रियांना तर प्रेक्षक म्हणूनही मज्जाव होता. ही माहिती बहुतेकांना असते. परंतु त्याच ऑलिम्पियात हेरा देवीच्या सन्मानार्थ कुमारिकांच्या धावण्याच्या शर्यती होत, हे फारसे सांगितले जात नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील प्रवासी लेखक पॉसेनियस याने त्यांचे वर्णन केले आहे. मुलींचे वयानुसार तीन गट पाडीत. केस मोकळे, वस्त्र गुडघ्याच्या वर आणि उजवा खांदा उघडा, अशा वेशात त्या धावत. पुरुषांच्या धावपट्टीपेक्षा त्यांचे अंतर एक षष्ठांशाने कमी असे. जिंकणाऱ्या मुलीला ऑलिव्हच्या पानांचा मुकुट मिळे. म्हणजे मुलींचे धावणे ही काही विसाव्या शतकात निघालेली टूम नव्हे.

१८९६ साली अथेन्सला आधुनिक ऑलिम्पिक सुरू झाले, तेव्हा त्यात एकही स्त्री नव्हती. स्टामाटा रेव्हिथी नावाची एक गरीब, लेकुरवाळी बाई मॅरेथॉनमध्ये भाग घेण्यासाठी आली होती, तिला नकार मिळाला. पुरुषांची शर्यत झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एकटीच त्या मार्गावर धावली. तिला सुमारे साडेपाच तास लागले. शेवटी स्टेडियममध्ये शिरण्याची परवानगीही तिला मिळाली नाही. ऑलिम्पिकचे प्रवर्तक पिअर द कुबर्तां यांचे मत अखेरपर्यंत असे होते की मैदानावर पराक्रम पुरुषांनी गाजवावा, आणि स्त्रियांनी टाळ्या वाजवाव्यात.

त्यांच्याच देशातील आलिस मिलिया या बाईंना हे मान्य नव्हते. १९२१ साली त्यांच्या पुढाकाराने स्त्रियांचा आंतरराष्ट्रीय क्रीडासंघ स्थापन झाला आणि १९२२ साली पॅरिसमध्ये त्यांनी स्त्रियांचे स्वतंत्र ऑलिम्पिक भरविले. त्यात एक हजार मीटरची शर्यतही होती. ती व्यवस्थित पार पडली आणि कोणावर कसलेही संकट कोसळले नाही. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढच्या प्रकरणात तो सगळे जग विसरणार आहे.

२ ऑगस्ट १९२८

मिलियाबाईंच्या दबावामुळे १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये मैदानी खेळांत स्त्रियांना प्रथमच प्रवेश मिळाला. शर्यती व उड्या-फेकी धरून पाच प्रकार ठेवण्यात आले. एवढ्याच प्रकारांवर बोळवण केली म्हणून ब्रिटिश स्त्रियांनी बहिष्कार टाकला. पाचांपैकी एक प्रकार ८०० मीटर धावण्याचा होता.

अंतिम शर्यत २ ऑगस्ट रोजी झाली. नऊ जणी धावल्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांत पहिली आली, आणि तो जागतिक विक्रम ठरला. दुसरी आली जपानची हितोमी किनुए. ही मुलगी मूळची उडी आणि कमी पल्ल्याच्या शर्यतींतली. शंभर मीटरमध्ये तिला अंतिम फेरी गाठता आली नव्हती. रिकाम्या हाताने मायदेशी कसे जावे, या चिंतेने ती ८०० मीटरला उभी राहिली आणि रौप्यपदक घेऊन परतली. ऑलिम्पिक पदक मिळविणारी ती पहिली जपानी स्त्री. शर्यत संपल्यावर ती व आणखी एक-दोघी दमून मैदानावर आडव्या झाल्या. आठशे मीटर जीव तोडून धावल्यावर पुरुषही असेच आडवे होतात. आमच्या तालुका क्रीडास्पर्धेत दर वर्षी हे दृश्य दिसते.

परंतु दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांत भलतेच छापून येऊ लागले. एका अमेरिकन पत्रकाराने तर लिहिले की अकरा दीनवाण्या स्त्रिया धावत होत्या, त्यांतल्या पाच जणींनी शर्यत अर्धवट सोडली आणि पाच जणी शेवटच्या रेषेपाशी कोसळल्या. धावल्या नऊ जणी, आणि शर्यत पूर्ण केली नऊच्या नऊ जणींनी. त्या शर्यतीचे चित्रीकरण आणि अधिकृत निकाल उपलब्ध आहेत. तरीही अकरा जणींची गोष्ट जगभर फिरली. इतक्या अंतराच्या शर्यतींनी स्त्रिया अकाली म्हाताऱ्या होतील, त्यांच्या मातृत्वाला धोका पोहोचेल, अशी मते डॉक्टरांच्या नावाने छापली जाऊ लागली. लवकरच निर्णय झाला, आणि ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी २०० मीटरहून लांब शर्यत उरली नाही. ८०० मीटरची शर्यत परत आली ती थेट १९६० साली, रोमला. मधली ३२ वर्षे कोरी.

या ठिकाणी थोडे मागे जाऊन १९०८ सालचे लंडन पाहू. मॅरेथॉनमध्ये इटलीचा दोराँदो पिएत्री स्टेडियममध्ये पहिला शिरला, पण त्याचे भान हरपले होते. तो चुकीच्या दिशेला वळला, पुन्हा पुन्हा कोसळला, आणि अखेर पंचांनी उठवून त्याला रेषेपलीकडे नेले. मदत घेतल्यामुळे तो बाद झाला. परंतु दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्राने त्याला सोन्याचा मुलामा दिलेला चषक स्वहस्ते दिला, आणि तो जगाचा लाडका झाला. पुरुषांची मॅरेथॉन बंद करावी असे त्यामुळे ठरले नाही. पुरुष कोसळला तर ते शौर्य आणि स्त्री क्षणभर आडवी झाली तर तो दुबळेपणा, हा न्याय शरीरशास्त्रातून आलेला नाही हे उघड आहे.

या बंदीचा खरा परिणाम पदकांपुरता नव्हता. शर्यतच नाही म्हटल्यावर सराव नाही, प्रशिक्षक नाही, मैदान नाही, आणि विक्रमांची नोंदही नाही. मग ‘लांब धावलेली एक तरी बाई दाखवा’ असे विचारणे सोपे झाले. दार बंद करायचे आणि आत कोणी येत नाही म्हणून दार उघडण्याची गरज नाही असे म्हणायचे, असा हा प्रकार. एक संपूर्ण पिढी या शंकेत वाढली, आणि तिने ती आपल्या मुलींना दिली.

झुडपामागून निघालेली धावपटू

अमेरिकेतील बॉस्टन शहरात १८९७ पासून दर वर्षी मॅरेथॉन होते. १९६६ साली बॉबी गिब या तेवीस वर्षांच्या मुलीने प्रवेशअर्ज मागविला. उत्तर आले की स्त्रिया इतके अंतर धावण्यास शरीरतः समर्थ नाहीत, आणि नियमानुसार त्यांना दीड मैलापलीकडे परवानगीही नाही. त्याआधी दोन वर्षे ती डोंगरांतून, जंगलांतून मैलोगणती धावत होती. ते पत्र वाचून तिने घरी बसावयाचे नाही असे ठरविले. शर्यतीच्या दिवशी भावाची अर्धी चड्डी आणि डोके झाकणारा अंगरखा घालून ती आरंभरेषेजवळच्या झुडपांत दडून बसली. निम्मे धावपटू पुढे गेल्यावर ती त्यांच्यात मिसळली. आजूबाजूच्या पुरुषांनी ती मुलगी आहे हे ओळखले आणि तिला धीर दिला. ३ तास २१ मिनिटे ४० सेकंदांत तिने शर्यत पुरी केली. शेकडो पुरुष तिच्या मागे होते.

पुढच्या वर्षी कॅथरीन स्वित्झर ही विद्यार्थिनी नावाची केवळ आद्याक्षरे लिहून अधिकृत क्रमांक मिळवून धावली. तो क्रमांक २६१. तिच्या प्रशिक्षकालाही सुरुवातीला वाटत होते की बाईला मॅरेथॉन झेपणार नाही. आधी सरावात तेवढे अंतर धावून दाखव, मग नेतो, अशी त्याने अट घातली. तिने सरावात २६ मैल पुरे केले आणि वर आणखी पाच मैल धावायला लावले. त्या शेवटच्या मैलांत त्याचीच अवस्था बिकट झाली! प्रत्यक्ष शर्यतीत एक अधिकारी धावत येऊन तिचा क्रमांक ओरबाडू लागला. बरोबरच्या मित्राने त्याला धक्का देऊन बाजूस केले. त्या झटापटीची छायाचित्रे जगभर छापून आली. बॉस्टनने स्त्रियांना रीतसर प्रवेश दिला तो १९७२ साली.

त्याच वर्षी न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये स्त्रियांनी पुरुषांच्या दहा मिनिटे आधी निघावे असा फतवा निघाला. सहा स्त्रिया आरंभरेषेवर आल्या, पिस्तूल वाजले आणि त्या सहाही जणी तिथेच खाली बसल्या. दहा मिनिटांनी पुरुषांसाठी पिस्तूल वाजले तेव्हा उठून धावल्या. सत्याग्रहाचे तंत्र आपल्या लोकांना नवे नाही, त्यामुळे हा प्रसंग सांगितला की माझ्या वर्गातील मुले खूश होतात.

ओस्लोची शिक्षिका

शंकेच्या या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटते ती नॉर्वेची ग्रेटे वाइट्झ, कारण ती आमच्याच पेशातली. ओस्लोमध्ये ती शाळेत शिकवीत असे. मैदानावरील मध्यम पल्ल्याच्या शर्यतींत तिने नाव मिळविले होते, परंतु १९७८ पर्यंत आपली कारकीर्द आता संपत आली असे तिला वाटू लागले होते. नवऱ्याने आग्रह केला की न्यूयॉर्कची मॅरेथॉन धाव, निदान ते शहर तरी पाहून होईल. तोवर ती एका दमात फार तर वीस किलोमीटर धावली होती. पुढचे बावीस किलोमीटर म्हणजे काय याची तिला कल्पना नव्हती. शेवटच्या टप्प्यात पाय इतके दुखू लागले की ती मनातल्या मनात नवऱ्याला बोल लावीत धावली आणि शर्यत संपल्यावर तिने बूट काढून त्याच्याकडे भिरकावले. वेळ होती २ तास ३२ मिनिटे ३० सेकंद. जगातील आजवरच्या सर्वोत्तम वेळेपेक्षा दोन मिनिटांहून अधिक कमी! पुढे ती शर्यत तिने एकंदर नऊ वेळा जिंकली.

१९८१ साली ऑलिम्पिक समितीने स्त्रियांच्या मॅरेथॉनला मान्यता दिली आणि ५ ऑगस्ट १९८४ रोजी लॉस एंजेलिसला ती प्रथम धावली गेली. अमेरिकेची जोन बेनॉइट २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत जिंकली. वाइट्झबाई दुसऱ्या आल्या. परंतु त्या दिवशी लोकांच्या स्मरणात राहिली ती ३७ वी आलेली स्वित्झर्लंडची गॅब्रिएला आंडरसन-शीस. उन्हाने तिची शुद्ध हरपत आली होती, एक हात लोंबकळत होता, आणि ती अक्षरशः झोकांड्या खात स्टेडियममध्ये शिरली. शेवटच्या फेरीला तिला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागला. डॉक्टर बाजूने चालत होते. तिला घाम येत आहे हे पाहून त्यांनी तिला अडविले नाही. हजारो प्रेक्षक उभे राहून तिला हाका घालीत होते.

१९२८ मध्ये घडले नव्हते तेही सांगितले गेले आणि शर्यत बंद झाली. १९८४ मध्ये साऱ्या जगाने दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष पाहिले, आणि शर्यत बंद करा असे म्हणणाऱ्यांचे कोणी ऐकले नाही. स्त्रीचे शरीर या ५६ वर्षांत बदलले नव्हते.

आपल्याकडे

आपल्या देशात ही वाट आणखी अरुंद होती. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये धावण्यासाठी नीलिमा घोष आणि मेरी डिसोझा या दोघी गेल्या. मेरी ही मुंबईच्या वांद्र्याची, मूळ गोमंतकीय घराण्यातली. जाण्याच्या खर्चासाठी तिच्या मित्रमंडळींना निधी गोळा करावा लागला. १९७० साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत कमलजित संधूने ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. १९८४ साली, त्याच लॉस एंजेलिसला, पी. टी. उषा ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने कांस्यपदकाला मुकली. स्त्रियांसाठी ही शर्यत त्या वर्षीच प्रथम ठेवलेली होती.

त्यानंतर धावपट्टीवरील वैयक्तिक शर्यतीत प्राथमिक फेरी पार करून ऑलिम्पिक अंतिम फेरीत भारतीय स्त्री पोहोचण्यास २०१६ साल उजाडावे लागले. ती ललिता बाबर, साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावची. रिओला ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये ती दहावी आली. त्याआधी २०१० साली नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक मिळविले होते. १९२८ पासून १९६० पर्यंत ३२ वर्षे, आणि उषापासून ललितापर्यंतही ३२ वर्षे. पहिल्या खंडाला नियम कारण होता. दुसऱ्या खंडाला नियम नव्हता, तरीही तो पडला. नियम रद्द झाला म्हणजे समजूत रद्द होतेच असे नाही.

हे मी मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून रोज पाहतो. आठवीपर्यंत मैदानावर हुंदडणाऱ्या मुली नववीत गेल्या की एकेक करून कडेला बसू लागतात. एका चपळ मुलीचे वडील मला येऊन म्हणाले, “गुरुजी, तिला पळायला लावू नका. उद्या कुणी नावं ठेवली तर आम्ही काय करायचं?” त्यांना ॲमस्टरडॅम माहीत नव्हते, पण त्यांच्या तोंडून बोलत होते ते ॲमस्टरडॅमच. मी त्यांना लीना राडकेची गोष्ट सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली, आणि मुलीला पाठविले नाही.

त्याच सुमारास आमच्या शाळेतील एका शिक्षिकेला, वय सत्तेचाळीस, डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगून व्यायाम करण्यास बजावले. त्या मला म्हणाल्या, “सर, शाळा भरण्याआधी मैदानावर धावले तर चालेल काय हो? पण मला जमेल असं वाटत नाही. पोरं हसतील.” मी म्हणालो, “बाई, मैदान शाळेचं आहे आणि तुम्ही शाळेच्या आहात. परवानगी कसली मागता?”

आमच्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना जी पद्धत सांगितली, तिलाही इतिहास आहे. सामान्य, बैठ्या माणसांना सावकाश धावायला शिकविण्याचा प्रयोग न्यूझीलंडमध्ये आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने १९६० नंतरच्या वर्षांत केला. हृदयविकार होऊन गेलेली माणसेही त्यात होती. अमेरिकेतील नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन तिकडे गेले असता त्या मंडळींबरोबर धावायला निघाले आणि सत्तरी उलटलेल्या एका गृहस्थाच्या मागे पडले. परत जाऊन त्यांनी १९६७ साली एका डॉक्टरांच्या साहाय्याने ‘जॉगिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील सूत्र साधे आहे. धावताना शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, धाप लागून बोलणे खुंटले तर वेग जास्त आहे असे समजावे. नवशिक्याने एक मिनिट धावावे, दोन मिनिटे चालावे, पुन्हा एक मिनिट धावावे. एक दिवस आड करावे. दम काही आठवड्यांतच वाढतो, पण हाडे आणि स्नायूबंध सावकाश तयार होतात, म्हणून उत्साहाच्या भरात अंतर एकदम वाढवू नये. साखर, रक्तदाब असेल तर डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा.

बाईंनी पहिल्या दिवशी साडीवर बूट घालून एक मिनिट धाव घेतली. दुसऱ्या आठवड्यात सलवार-कमीज आली. पोरे हसली, दोन दिवस हसली आणि मग कंटाळली. तीन महिन्यांनी बाई न थांबता मैदानाला आठ फेऱ्या मारू लागल्या. आणि एके सकाळी नववीतील चार मुली त्यांच्या मागे धावताना मी पाहिल्या. त्यांना कोणी सांगितले नव्हते. माझ्या लीना राडकेने जे साधले नाही ते बाईंच्या आठ फेऱ्यांनी साधले, हे इतिहासाच्या शिक्षकाने मान्य केले पाहिजे. वडिलांनी घरी बसविलेली ती मुलगी मात्र त्या चौघींत नव्हती. ती आता दहावीत आहे. मी तिच्या घरी पुन्हा जाणार आहे, आणि या खेपेस बाईंना बरोबर नेणार आहे.

व्हर्सायचा रस्ता

१७८९ च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसच्या हजारो स्त्रिया भाकरीसाठी भर पावसात व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या, हे आम्ही फ्रेंच राज्यक्रांतीच्या धड्यात शिकवितो. २०२४ साली पॅरिसला ऑलिम्पिक झाले तेव्हा मॅरेथॉनचा मार्ग त्या मोर्चाच्या स्मरणार्थ पॅरिसहून व्हर्सायकडे व परत असा आखण्यात आला. एरवी शेवटच्या दिवसाचा मान पुरुषांच्या मॅरेथॉनला असे. या वेळी तो स्त्रियांच्या मॅरेथॉनला देण्यात आला. ११ ऑगस्ट रोजी नेदरलँड्सची सिफान हसन २ तास २२ मिनिटे ५५ सेकंदांत जिंकली. नेदरलँड्स म्हणजे ॲमस्टरडॅमचा देश, आणि पॅरिस हे कुबर्तांचे जन्मगाव व मिलियाबाईंची कर्मभूमी.

आदल्या रात्री त्याच मार्गावर सर्वसामान्य लोकांसाठीही शर्यत ठेवली होती. त्यांत हजारो स्त्रिया होत्या. त्यांतल्या बहुतेकींचे नाव कोणत्याही इतिहासात येणार नाही. कित्येक धावता धावता मधे चालल्याही असतील, आणि निघण्यापूर्वी ‘मला जमेल काय?’ असे कित्येकींनी स्वतःला विचारलेही असेल. तो प्रश्न विचारण्यात काही गैर नाही. उत्तर मात्र १९२८ च्या वर्तमानपत्रांकडून घेऊ नये. ते मैदानावर जाऊन, एक मिनिट धावून आणि दोन मिनिटे चालून, आपले आपण काढावे.